घरी चल, मोई आपो

आधीच सांगून ठेवते, मी भित्री बाई नाही.

म्हाताऱ्या माणसांना न्हाऊमाखू घालण्यात, त्यांचे डायपर बदलण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. कितीतरी जणांचे डोळे मी माझ्या हातांनी मिटलेत. भुताला भ्यायचं असतं तर पहिल्याच आठवड्यात पळून जाऊन पुन्हा रबराच्या मळ्यात राबले असते.

तरीपण हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. मी काही कुणाच्या हातापाया पडणार नाही. डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, तेवढंच सांगते.

आणि अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती बरं का. लख्ख दुपार होती. चिनी नववर्ष होऊन गेलं होतं, रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. मलेशियात, बातू गाजा गावाच्या पलीकडे, जुन्या कथिलाच्या खाणींच्या तळ्यांजवळ आमचा वृद्धाश्रम आहे. जेवणं आटोपली होती आणि सगळी म्हातारी मंडळी आडवी झाली होती.

तेव्हा पहिल्यांदा तो आवाज आला…

पण आधी मोई आपोबद्दल सांगायला हवं.

मी वळ्ळी, तमिळ बाई. नवरा वारला, एक मुलगी आहे, शाळेत जाते. आमच्या मालकीणबाई मॅडम गोह दोन्ही कामं करतात. म्हातारी माणसं आश्रमात ठेवून घेतात, आणि आम्हा बायकांना लोकांच्या घरी सेवेलाही पाठवतात. मोई आपो मला भेटली ती घरच्या सेवेत. तिच्या हाक्का या चिनी भाषेत आजीला आपो म्हणतात. खाणीच्या गावात तिचं लाकडी घर होतं, एकटीच राहायची. मी सकाळी जाऊन तिला अंघोळ घालायची, कांजी शिजवून द्यायची.

तरुणपणी ती नदीत कथिल धुवायची. लाकडाची ही एवढी मोठी परात. ती पाण्यात बुडवायची आणि गोल गोल फिरवायची. वाळू वाहून जाते आणि जड कथिल तळाला राहतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तिनं हे काम केलं आणि त्यावर एक मुलगा वाढवला. म्हातारी झाली तरी त्याच परातीत तांदूळ धुवायची. मागच्या अंगणात बसून.

सर्र… सर्र… सर्र…

मी फाटकात आले की तो आवाज ऐकू यायचा. मग मला कळायचं, आपो ठीक आहे.

मुलगा तरुणपणीच अपघातात गेला. सून नातवाला घेऊन सिंगापूरला माहेरी गेली. नातू वेस्ली तिकडेच वाढला. गुणी पोरगा हो. सणावाराला बस पकडून यायचा. पण त्याला येई इंग्रजी आणि मँडरिन, आणि आपोला येई हाक्का आणि बाजारातलं मोडकंतोडकं मलय. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नसे. ती आपली त्याच्यासमोर बसून संत्री सोलायची. तो खायचा. ती दुसरं सोलायची. तो "पुरे, पुरे" म्हणायचा, ते तिला कळायचं नाही, मग तिसरं.

एकदा ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. एकटीला घरी ठेवायची सोय राहिली नाही. वेस्लीनं तिला आमच्या आश्रमात आणलं.

"पाय बरा झाला की घरी," आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं. मॅडमनी सांगितलं, डॉक्टरनी सांगितलं, मीही सांगितलं. सगळ्या म्हाताऱ्यांना असंच सांगतात.

तिनं ते खरं मानलं. एक कापडी पिशवी भरून खाटेखाली ठेवली. रोज सकाळी मी गेले की विचारायची, "वळ्ळी, पाय बरा झाला का गं?"

"होतोय की."

"मग उद्या घरी?"

"उद्या नको. परवा."

"बरं, परवा," असं म्हणून ती मान डोलवायची. तिचा विश्वास बघून मला भडभडून यायचं. पण दुसरं काय सांगणार?

तिच्या खोलीत दुसरी खाट होती न्यूक यिन आपोची. आम्ही यिन आपो म्हणायचो. तीही हाक्काच, आश्रमात त्या दोघीच हाक्का. बाकी सगळे कॅन्टनी, हॉक्किन, तमिळ. यिन आपोनं लग्न केलं नव्हतं. बसथांब्याजवळ तिची कॉफीची टपरी होती, त्यामुळे सगळ्या भाषा तोंडात. मला तर शिव्या अस्सल तमिळमधून द्यायची.

एकाच भाषेच्या दोघी म्हणजे गळ्यात गळे असतील असं वाटलं ना तुम्हाला? छे! विळ्याभोपळ्याचं सख्य.

कशावरून, तर पंख्यावरून. यिनला उकडायचं, मोईला थंडी वाजायची. यिन आम्हाला हाक मारून पंखा लावून घ्यायची. मोई काठी टेकत टेकत जायची आणि बटण फिरवून बंद करायची. यिन पुन्हा हाक मारायची.

"मेल्यावर गार गार माती आहेच की गं तुला!" मोई म्हणायची.

"तू आधी जा, म्हणजे मला जिवंतपणी वारा मिळेल!" यिन म्हणायची.

मग दिवसभर अबोला. आणि संध्याकाळी मोईनं सोललेलं अर्धं संत्रं यिनच्या उशाशी. यिन ते खायची आणि म्हणायची, "आंबट आहे."

अशी चार वर्षं गेली. पाय काही बरा झाला नाही.

आणि त्या उन्हाळ्यात मोई आपो दुपारी झोपली ती उठलीच नाही.

वेस्ली रातोरात निघून सकाळी पोचला. प्रेत गावी तिच्या घरापुढच्या मांडवात ठेवायचं ठरलं. न्यायची वेळ झाली. चिनी लोकांत एक रीत आहे. प्रेत उचलताना बाकीच्यांनी पाठ फिरवायची, बघायचं नाही. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. यिन आपोनंही आपली चाकाची खुर्ची वळवून घेतली.

आणि दुसरी रीत अशी की घरच्या मुलानं नाहीतर नातवानं दारात उदबत्ती धरून मेलेल्याला हाक मारायची. आजी, घरी चल. वाटेत वळण आलं की सांगायचं, वळतोय. पूल आला की सांगायचं, पूल ओलांडतोय. नाहीतर देह जातो आणि जीव मागेच राहतो, बिचाऱ्याला वाट कळत नाही.

वेस्लीनं हाका मारल्या. रडत रडत, अगदी घसा फाटेस्तोवर. गाडी गेली. मी डोळे पुसले आणि तिची चादर काढायला घेतली.

खाटेखाली कापडी पिशवी तशीच राहिली होती. गडबडीत विसरली असणार. वेस्ली येईल तेव्हा देऊ म्हणून मी ती परत खाटेखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खोलीवरून जात होते. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. आत बघते तर पंखा बंद. यिन आपो घामानं निथळलेली, पण जागी.

"आपो, पंखा कुणी बंद केला?"

तिनं डोळे मिटून घेतले. मी लावला आणि गेले.

परत आले… पंखा बंद.

यिनला तर खाटेवरून एकटीला उतरता येत नाही. मी ताती नावाच्या माझ्या जोडीदारणीला विचारलं. ती इंडोनेशियाची, हसरी पोर. "मी कशाला बंद करू? मलाच उकडतंय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही तेच. मॅडम गोहनी वायरमन बोलावला. त्यानं सगळं उघडून पाहिलं. "पंखा ठणठणीत आहे मॅडम. कुणीतरी बटण फिरवतंय."

त्याच दुपारी तातीची किंकाळी ऐकू आली. धावत गेले. ती दारात उभी, तोंडावर हात.

मोई आपोची पिशवी खाटेखाली नव्हती. खाटेवर होती. मध्यभागी नीट ठेवलेली, बंद बाहेर काढलेले, जणू कुणीतरी निघायच्या तयारीत बसलंय.

"वळ्ळी अक्का, मी नाही या खोलीत येणार," ताती म्हणाली आणि पुटपुटत देवाचं नाव घेत पळाली.

मी पिशवी खाली ठेवली. मनाला म्हटलं, पोरंटोरं चेष्टा करत असतील.

आमच्याकडे पोरंटोरं येत नाहीत, हे मला नंतर आठवलं.

खरा घोर मला वेगळाच लागला. यिन आपो खंगायला लागली.

आधी जेवण टाकलं. मग बाहेरच्या ओसरीवर येऊन बसणं सोडलं. दुपारी सगळे झोपले की ती त्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून हळूहळू बोलत राहायची. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखी. मग पुन्हा बोलायची. अंगावरचं मांस उतरलं, गालफडं बसली. डॉक्टर म्हणाले, आजार काही दिसत नाही.

मॅडम गोहनी मला बाजूला घेतलं. "वळ्ळी, माझी आजी म्हणायची, जीव मागे राहिला की तो सोबत शोधतो. ही म्हातारी पण जाणार बघ. खोली बदल तिची."

मी खोली बदलायला गेले तर यिन आपोनं खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. एवढीशी म्हातारी, पण बोटं सुटेनात. तमिळमधून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.

मग मी ठरवलं, आज दुपारी मीच बसते इथे. बघू दे मला.

यिनच्या पायाशी स्टूल घेऊन बसले. पंखा लावला. बाहेर सगळं शांत. दूर कुठंतरी कोंबडा ओरडत होता.

बराच वेळ काही झालं नाही. मला पेंग यायला लागली.

आणि मग…

टक.

भिंतीवरचं बटण फिरलं. माझ्या डोळ्यांसमोर फिरलं. टक, टक, एकेक घर मागे. पंखा मंद झाला… आणखी मंद झाला… थांबला.

मी यिनचा पाय घट्ट धरला.

यिन आपोनं मानसुद्धा वळवली नाही. "आली म्हातारी," ती म्हणाली. "थंडी वाजते तिला."

मग न्हाणीघरातून आवाज आला.

सर्र… सर्र… सर्र…

तो आवाज मला अनोळखी असता तर बरं झालं असतं. रोज सकाळी ऐकलेला तो आवाज. गोल गोल फिरणारी परात, आणि परातीत पाणी.

मी उठले. कशी उठले ते देव जाणे. न्हाणीघराचं दार लोटलं.

आवाज थांबला.

आत कुणी नव्हतं. बादली पालथी, फरशी कोरडी. फक्त मोरीच्या तोंडाशी मूठभर वाळू पडली होती. काळी, ओली, जड. कथिल धुतल्यावर उरते तशी.

मी परत येऊन स्टुलावर बसले. यिन आपोचा हात धरला.

"आपो, ही का गेली नाही गं?"

"तिला कुणी बोलावलंच नाही."

"असं कसं? वेस्ली रडून रडून बोलावत होता की!"

"कुठल्या भाषेत?"

"मँडरिनमध्ये," मी म्हटलं.

"त्या पोराच्या भाषेतलं एक अक्षर तरी तिला कधी कळलं होतं का?" यिन म्हणाली. "जिवंतपणी कळलं नाही, ते मेल्यावर कुठून कळणार? तिला वाटलं, पोरगं दारात उभं राहून कुणाशी तरी बोलतंय. ती आपली पिशवी घेऊन खाटेवर बसली. अजून बसलीय."

देवाशपथ, त्या क्षणी भीती कुठल्या कुठे पळाली. डोळ्यांपुढे फक्त ती म्हातारी आली, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, आणि दारात तो पोरगा, जीव तोडून हाका मारणारा.

"तुला तर तो काय म्हणतोय ते कळत होतं ना, आपो?"

"शब्दन् शब्द."

"मग तू का नाही सांगितलंस तिला? एक हाक मारायची होतीस!"

"मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. सगळे बसतात तशी."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं नजर चुकवली.

"गेली असती तर मी कुणाशी भांडले असते गं?"

इतकी वर्षं मी तिला ओळखत होते. तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं.

"मला वाटलं, राहू दे थोडे दिवस. माझी भाषा बोलणारं या घरात दुसरं कोण आहे? पण ती रोज विचारते, वळ्ळी. रोज दुपारी. 'पाय बरा झाला का? उद्या घरी?' आणि मी तिला सांगते, परवा. तुझ्यासारखंच. मेलेल्या बाईला कुणी परवा सांगतं का? हे मी काय करून बसले?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

शेवटी तीच म्हणाली, "त्या पोराला बोलावून घे. हाक घरच्यानंच मारायची असते. मी शिकवते त्याला."

मी वेस्लीला फोन केला. वाटलं होतं, शिकलासवरलेला मुलगा, हसेल. तो हसला नाही.

"आंटी," तो म्हणाला, "मांडवात आम्ही दोन नाणी टाकून विचारलं होतं, आजी आलीस का? एक छापा आणि एक काटा पडला तर हो. किती वेळा टाकली, पडतच नव्हतं. शेवटी एक नाणं घरंगळत टेबलाखाली गेलं, तेव्हा विधी करणारे काका म्हणाले, चला, हो धरू या. पण मला तेव्हाच वाटलं होतं, आजी आलेली नाही."

शनिवारी तो आला. यिन आपोला आम्ही उशा लावून बसवलं. तिनं त्याला समोर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली.

"म्हण. आपो, चोन वुक्खा. आजी, घरी चल."

वेस्लीनं म्हटलं.

"हे काय? कुत्र्याला हाकलतोयस का? पुन्हा."

त्यानं पुन्हा म्हटलं.

"सिंगापूरला जिभा फ्रीजमध्ये ठेवतात का रे? शेवटचा शब्द दाबून म्हण. तिच्या पोटातनं आलेल्या मुलाचा तू मुलगा, जरा जोर लाव!"

वेस्ली हसला, आणि हसता हसता रडायला लागला. "आयुष्यभर मी तिच्याशी काही बोललोच नाही, आंटी," तो मला म्हणाला. "नुसती संत्री खाल्ली."

मी ते यिनला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग, ती सगळ्यांना सांगायची, माझा नातू फार बोलतो, मला कळत नाही पण ऐकायला गोड वाटतं."

वळणावर काय म्हणायचं, पुलावर काय म्हणायचं, सगळं तिनं घोकून घेतलं त्याच्याकडून. दुपार झाली. जेवणं आटोपली. आम्ही वाट बघत बसलो.

पंखा मंद झाला… आणि थांबला.

न्हाणीघरातून आवाज आला. सर्र… सर्र…

वेस्लीचा चेहरा पांढराफटक पडला. पण तो उठला. उदबत्ती पेटवून दारात उभा राहिला. मी पिशवी उचलली. मॅडम गोह आणि ताती बाहेर, भिंतीकडे तोंड करून.

या खेपेला यिन आपोनं पाठ फिरवली नाही. ती समोरच्या खाटेकडे बघत होती.

"आपो," वेस्ली म्हणाला. आवाज चिरकला. "आपो, चोन वुक्खा."

सर्र… सर्र…

"आपो! चोन वुक्खा!"

न्हाणीघरातला आवाज थांबला.

सगळं शांत झालं. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. तो एकदम दाराकडे वाकला.

आणि मग…

टक. टक. टक.

बटण उलटं फिरलं. पंखा सुरू झाला. अगदी जोरात.

यिन आपोचे पांढरे केस वाऱ्यावर उडायला लागले. ती वर पंख्याकडे बघत राहिली.

"गेली," ती म्हणाली. "जाताना माझा पंखा लावून गेली."

आम्ही गाडीत बसलो. वेस्ली प्रत्येक वळणावर सांगत होता, प्रत्येक पुलावर सांगत होता. मागच्या सीटवर मी एकटी, पिशवी मांडीवर. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी त्या बाजूला एकदाही बघितलं नाही.

तिच्या घराचं कुलूप उघडलं. देव्हाऱ्यापुढं वेस्लीनं दोन नाणी टाकली. पहिल्याच वेळी एक छापा, एक काटा.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मागच्या अंगणातून आवाज आला. सर्र… एकदाच. मी पिशवी तिच्या पलंगावर ठेवली, आणि दोघं बाहेर येऊन पायरीवर बसून पोटभर रडलो.

संध्याकाळी परत आले तेव्हा यिन आपो तशीच बसली होती.

"पोचली का?"

"पोचली."

तिनं मान डोलवली. मग म्हणाली, "तो पंखा बंद कर."

"अगं, एवढं उकडतंय!"

"बंद कर म्हणते ना."

मी बंद केला. त्यानंतर तिनं कधी पंखा लावू दिला नाही. थोडं थोडं जेवायला लागली, ओसरीवर येऊन बसायला लागली. मॅडमना वाटलं, बला टळली. पण ती शिव्या देईनाशी झाली. मला तिच्या शिव्यांची आठवण यायची.

एकदा तिचे पाय चेपत होते. ती म्हणाली, "मोईला नातू होता. मला कोण हाक मारणार? आणि कुठल्या घरी? माझी टपरी पाडून तिथे आता गाड्या लावतात."

"मी मारेन की हाक."

"तू?" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "तुझ्या तोंडून हाक्का ऐकून मी हसत हसत परत जिवंत होईन."

पावसाळ्यात ती गेली. तीही दुपारीच, झोपेत.

तिचं कुणी नव्हतं. हाक्का समाजाच्या मंडळाचे दोघं जण गाडी घेऊन आले, तरुण पोरं, त्यांनाही मँडरिनच येत होतं. घाईत होती. मी खोलीत जाऊन तिचं अंग पुसलं, नवा सदरा घातला. जाता जाता उकडू नये म्हणून पंखा लावला. आता कोण बंद करणार होतं?

प्रेत उचललं. आम्ही सगळे ओसरीत भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मी, माझ्या डाव्या हाताला ताती, पलीकडे मॅडम गोह, बाकीचे आपापल्या खुर्च्यांत.

हाक मारायची म्हणून मी रात्रभर ते शब्द घोकले होते. तोंड उघडलं… आणि शब्दच फुटेना. पावलं माझ्या पाठीमागून चालली होती, फाटकाकडे. ती निघून जाणार आणि मी गप्प, असं झालं. रडू कोसळलं मला.

तेवढ्यात…

आमच्या पाठीमागून, खोलीच्या दारातून, आवाज आला.

"न्यूक यिन!"

म्हातारा, चिरका, वैतागलेला आवाज. जेवायला किती वेळा बोलवायचं म्हणून आई करवादते तसा.

"न्यूक यिन! चोन वुक्खा!"

तातीनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की वळ उठले. मॅडम गोहची जपमाळ खाली पडली. आमच्या आश्रमात आता हाक्का बोलणारं कुणीही नव्हतं.

आवाज आमच्या मागून गेला, फाटकाकडे, आणि पुन्हा एकदा तीच हाक आली, जरा लांबून. मग गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी वळून पाहिलं नाही.

गाडी गेल्यावर त्या खोलीत गेले. कुणीच नव्हतं.

पंखा बंद होता.

त्या खोलीत आता दुसरी माणसं राहतात. त्यांना काही जाणवत नाही. मॅडम गोह तो विषय काढत नाहीत. ताती गावी परत गेली. वेस्ली नववर्षाला येतो, आजीच्या घरी एकटा राहतो, कसा राहतो ते मी विचारत नाही.

मी अजून तीच नोकरी करते. भीत नाही, हे मी आधीच सांगितलं. पण कुणी म्हातारं मला "उद्या घरी?" असं विचारलं, तर "परवा" हा शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही.

आणि एक आहे. माझी मुलगी कयल चिनी शाळेत जाते. मैत्रिणींशी मँडरिन, माझ्याशी मलय आणि इंग्रजीची खिचडी. तमिळ तिला येत नाही, आवडतही नाही. त्या दिवसापासून मी घरात तिच्याशी तमिळशिवाय बोलत नाही. ती चिडते, पाय आपटते. आणि रोज झोपायच्या आधी मी तिच्याकडून एक वाक्य म्हणवून घेते. अम्मा, घरी चल.

"पण तू घरीच आहेस ना अम्मा?" ती हसून विचारते.

मी म्हणते, असू दे. तू म्हण.